न दिलेला लुकमा

दस्तगीर शिकलगार रागावला की आरडाओरडा करत नसे. राग तो लोणच्यासारखा मुरवत ठेवी. मिरजेहून बेंगळुरूच्या हेब्बाळला येऊन त्याची उमर गेली. दिवसभर शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावायची आणि पाची वेळा गल्लीतल्या छोट्या मशिदीत पहिल्या रांगेत उभं राहायचं, हा त्याचा दिनक्रम. पण तो हाफिज होता. अख्खं कुराण त्याला तोंडपाठ. रमजानात इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर तरावीहचा जो लांब नमाज असतो, त्यात तो ते रोज थोडं थोडं म्हणून महिनाभरात पुरं करी. एरवी गल्ली त्याला ‘धारवाला’ म्हणे, त्या महिन्यात ‘हाफिजसाब’. त्या एका महिन्याच्या जोरावर तो बाकीचं वर्ष काढायचा.

तो महिना त्याच्या सख्ख्या भाच्याने काढून घेतला. बाप गेलेल्या तौसिफला दस्तगीरनेच बेंगळुरूला आणलं होतं, धारेच्या चाकाशेजारी बसवून त्याच्याकडून कुराण पाठ करून घेतलं होतं. आता तौसिफ टेक पार्कात नोकरीला होता आणि त्याचा गळा गोड होता. गेल्या रमजानात दस्तगीर एका रात्री घसरला. हजरत मूसांची हकिकत कुराणात बऱ्याच ठिकाणी येते, शब्द जरासे बदलून. तो एका सूरेतून, म्हणजे अध्यायातून, नकळत दुसरीत शिरला. रोजा होता, उकाडा होता, साखर कमी झाली असेल, कोणाचंही होतं. पण ईद झाल्यावर तौसिफ मशिदीच्या कमिटीला सांगून आला, मामूंना आता आठवत नाही. परका बोलला असता तर दस्तगीरने एक वेळ सोडून दिलं असतं. घरच्यानेच केसाने गळा कापला, हे त्याला सुटेना.

यंदा रमजानाच्या तोंडावर कमिटीचे हाजी अताउल्ला दुकानावर आले.

“दस्तगीरभाई, यंदा स्वल्प आराम करा. तरावीह तौसिफ पढवेल. तुम्ही मागे उभे राहा, ऐकायला. सरी?”

ऐकायला म्हणजे शोभेला नव्हे. पढवणारा कुठे अडला, तर त्याच्या मागे उभा असलेला हाफिज पुढचे शब्द मोठ्याने सांगतो. याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. नमाजात दुसरं काही बोललं तर नमाज मोडतो, पण घास देता येतो, कारण म्हटलं जातंय ते अल्लाचं बोलणं आणि ते बिघडू द्यायचं नसतं.

“सरी,” दस्तगीरनेही कानडीतच होकार दिला. मनात म्हणाला, अडू दे त्याला, माझ्या तोंडाला कुलूप.

पोरगा लवकर अडेना. दस्तगीर रोज हात बांधून, नजर सजद्यात कपाळ टेकतं त्या जागेवर ठेवून उभा राही. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा काय रमलाय. म्हातारा डूख धरून उभा होता. नमाजात तू आणि अल्ला, मध्ये कोणी नाही, असं त्यानेच लहानग्या तौसिफला शिकवलं होतं. त्याच्या स्वतःच्या नमाजात मात्र मध्ये भाच्याची पाठ होती, पांढऱ्या कुर्त्यातली, आणि ती कधी एकदा थरथरते याचीच तो वाट बघत होता.

एके रात्री ती थरथरली. तौसिफ एका आयतीच्या शेवटी थांबला. तीच आयत पुन्हा म्हणून पुन्हा तिथेच अडकला. पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली, मागे कोणीतरी खाकरलं. तौसिफच्या मानेवरून घाम ओघळला आणि तो पाहून दस्तगीरला फार बरं वाटलं. दिवसभराच्या उपासानंतरचं पहिलं पाणीही त्याला इतकं गोड लागलं नव्हतं. बोलव आता कमिटीला, तो मनात म्हणाला. तौसिफने तिसऱ्यांदा तीच आयत म्हटली, आवाज जरा चढवून. ती मामूला मारलेली हाक होती, हे दोघांनाही कळत होतं.

आता पुरे, दस्तगीरला वाटलं. पोराची जिरली. आता घास टाकावा आणि खरा हाफिज कोण ते मशिदीला कळू द्यावं. त्याने तोंड उघडलं, तर तोंडात काहीच नव्हतं. पान डोळ्यांसमोर होतं, ती ओळ पानावर कुठे येते तेही दिसत होतं, शब्द मात्र येत नव्हते. त्याने मागची आयत धरून पुढे जाऊन पाहिलं. तौसिफ जिथे अडला होता, तिथेच तोही अडला. तेवढ्यात तौसिफ वाट पाहून रुकूत वाकला, त्याच्यामागे सगळी मशीद वाकली आणि दस्तगीरही वाकला.

चार रकाती, म्हणजे नमाजाची चार आवर्तनं, झाल्यावर थोडा विसावा असतो. लोक पाणी प्यायला उठले. तौसिफ गुडघ्यांवर सरकत मागे आला.

“मामू, मुद्दाम गप्प राहिलात ना?”

दस्तगीरने क्षणभर विचार केला. दुष्ट म्हणवून घेणं त्याला परवडत होतं.

“मुद्दाम,” तो म्हणाला. “तुझी जिरवायची होती.”

“अल्हम्दुलिल्ला,” तौसिफने श्वास सोडला. “मला भीती वाटली, खरंच विसरलात की काय. राग काढा हवा तेवढा, मामू. फक्त पुढचं सांगा, म्हणजे राहिलेलं आता म्हणून टाकतो.”

दस्तगीरने हनुवटीने भिंतीकडे खूण केली. “तिकडे कुराण ठेवलंय,” तो म्हणाला. “बघून घे. मी नाही सांगणार.”

तौसिफ त्याच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग उठला, कुराण घेऊन आला आणि मामूसमोर बसून त्याने ती ओळ मामूला ऐकू जाईल अशी हळूहळू वाचली, मग आणखी एकदा. हाजी अताउल्ला पाण्याचा ग्लास घेऊन जवळ आले.

“सापडलं?”

“मामूंनी सांगितलं,” तौसिफ म्हणाला.

हाजींनी मान डोलावली आणि दस्तगीरच्या खांद्यावर थाप दिली. भाचा कमिटीकडे गेला तेव्हाही दस्तगीरला त्याचा एवढा राग आला नव्हता.

रांगा पुन्हा लागल्या, खांद्याला खांदा भिडला. ‘अल्लाहु अकबर’ म्हणत तौसिफने हात बांधले. मागे दस्तगीरने बांधले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने अल्लाकडे मनापासून काही मागितलं. आणखी एकदा याला अडव, तो म्हणाला, आणि मला आठवू दे.