खिरापत कोणी फोडली

"कोणी फोडली? आत्ताच्या आत्ता सांगा, कोणी फोडली?"

हे मी ओरडत होते. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, चांगली काठाची साडी नेसून, शालीत गुंडाळलेला डबा छातीशी धरून. माझा आवाज ओझरच्या विमानतळापर्यंत गेला असणार, कारण उतरायला आलेलं एक विमान पुन्हा वर गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

समोर पाटावर खडूनं काढलेला हत्ती. त्याच्याभोवती फेर धरून घामेजलेल्या मुली, कडेला त्यांच्या आया. आणि हत्तीच्या सोंडेपाशी उभी तळमजल्यावरची, माझ्या लेकीच्या वर्गातली, पुढचे दोन दात पडलेली पोर. तिनं नुकतंच एका दमात सांगितलं होतं, "राजगिऱ्याचे आप्पे. आत गुलकंद."

आता तुम्हीच सांगा, पहिलीतल्या पोरीला हे आपोआप सुचतं? या पदार्थाचा शोध मी त्याच आठवड्यात लावला होता. पृथ्वीवर त्याआधी तो कोणी केलेला नव्हता.

भोंडल्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गाणी संपली की खिरापत ओळखायची. ज्यांच्या घरचा भोंडला, त्या बाईनं झाकलेला डबा घेऊन उभं राहायचं. मुलींनी विचारायचं, गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं. हरलो म्हणाल्या तर गोष्ट वेगळी, पण आमच्या बिल्डिंगमध्ये हरलो म्हणायची पद्धत नाही. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही.

मागच्या वर्षी मी शेंगदाण्याचे लाडू केले होते. डबा जरा कलला, लाडू गडगडले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्याकडे पाठ असताना, मोबाइलवर कुणाशी तरी बोलता बोलता सांगून टाकलं, "लाडू, शेंगदाण्याचे." तेवढं बोलून पुन्हा मोबाइलवर, "हं, तू बोल गं." म्हणजे ओळखण्यासाठी त्यांना फोनसुद्धा ठेवावा लागला नाही. माझी लेक त्या दिवशी दोन्ही हातांत लाडू घेऊन हसत होती. पण आतून तिला काय वाटत असेल, ते आईलाच कळतं.

यंदा त्याच काकूंचा भोंडला आमच्या दोन दिवस आधी झाला. त्यांची खिरापत इतका वेळ ओळखू आली नाही की पार्किंगमधल्या सावल्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेल्या. लहान पोरी फरशीवर बसल्या, एक तर आडवी झाली. शेवटी निघाल्या केळफुलाच्या वड्या. माझी लेक घरी आली आणि सकाळच्या तीन गार पोळ्या खाऊन मोकळी झाली. अपमान गिळायला तिला तीन पोळ्या लागल्या. जिन्यात काकू मला म्हणाल्या, "तू यंदाही लाडूच कर हो. मुलींना बरं पडतं, लवकर घरी जाता येतं."

तेव्हाच मी ठरवलं की माझ्या लेकीची मान खाली जाऊ द्यायची नाही. यंदाची खिरापत कोणाच्या बापाला ओळखता येता कामा नये.

आप्पे मऊ, म्हणजे डबा हलवला तरी आवाज नाही. वर शाल, म्हणजे ऊब हाताला लागणार नाही. वासाचं काय, तर सकाळपासून मी लसणाची फोडणी करत होते, नुसतीच. फोडणी करायची, खिडकीशी नेऊन पंख्यानं वारा घालायचा, पुन्हा दुसरी. कुकरमध्ये नुसतं पाणी घालून शिट्ट्या केल्या. मिक्सर रिकामा फिरवला. समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी आमच्याकडे लग्न आहे समजून इस्त्रीचे कपडे काढले. स्वयंपाकघराचं दार लावून मी आणि लेक दोघीच आत. ती स्टुलावर उभी राहून चमच्यानं गुलकंद भरत होती. ती माझ्या पक्षाची, तिच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता.

आणि संध्याकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. काकूंनी नाक वर करून सांगितलं, "सकाळपासून लसूण दरवळतोय. भडंग."

"नाही," मी म्हणाले. आयुष्यात 'नाही' हा शब्द मला इतका गोड कधी लागला नव्हता. मी तो पुन्हा म्हणाले.

"मग शेव. लसणाची."

"गोड आहे, काकू."

काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यानंतर शिरा झाला, बर्फी झाली, करंजी झाली, हरसूलच्या बाजारात मिळतं तेही झालं आणि लंडनला मिळतं तेही. मी नाही नाही म्हणत उभी. ऑक्टोबरचा उकाडा, पाऊस गेल्यासारखा करून पुन्हा अंगावर येतोय, डास चावतायत, पण मी पुतळ्यासारखी ताठ. मध्येच ती दात पडलेली पोर माझा पदर ओढून म्हणाली, "काकू, आता देणार का?" मी म्हणाले, "ओळखा की." माझ्या लेकीनं शहाण्यासारखं तिचा हात धरून तिला बाजूला नेलं. काकू खुर्चीत मागे रेलल्या. हरलो, एवढा एकच शब्द त्यांच्या ओठांवर यायचा बाकी होता. त्यांचा वरचा ओठ हललासुद्धा.

तेवढ्यात ते आप्पे, आत गुलकंद.

डबा उघडावा लागला. तो श्वास घ्यायच्या आत रिकामा झाला. काकू दोन आप्पे खाऊन म्हणाल्या, "छान झालेत. जरा कडक हवे होते." आणि मी तरातरा घरात आले ते चौकशी करायलाच.

पहिले नवरोबा. नुकतेच ओझरहून कामावरून आले होते.

"अहो, तळमजल्यावरच्यांना तुम्ही काही बोललात?"

"काय बोलणार? काय केलंय ते तरी मला कुठं माहीत आहे? मी भडंगच्या आशेनं आलो."

मग सासूबाई. सायखेड्याच्या. नवरात्राचे उपास, त्यामुळे राजगिऱ्याचा नैवेद्य आधी त्यांनाच दिलेला.

"आई, तुम्ही खाली गेला होतात?"

"म्या? माझे गुडघे लय धरलेत. दोन आप्पे खाल्ले, ते बी तूच दिले. अन् काय गं, चोरी झाल्यावानी काय विचारतीस? पोरींनीच खाल्ले ना?"

मग तीन वर्षांचा मुलगा. त्याला मी मांडीवर घेतलं.

"ताईच्या मैत्रिणीला तू सांगितलंस?"

"हो."

अखेर सापडला. पण खात्रीसाठी म्हणून विचारलं, "गणपती बाप्पाचे मोदक तूच पळवलेस?"

"हो."

"आणि पाटावरचा हत्ती तू घरी आणलास?"

"हो. कपाटात आहे."

साक्षीदार बाद. मग मी स्वयंपाकघरात उभी राहून, भांडी आपटत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. की या घरात माणसाला विश्वासानं एक आप्पा तळता, म्हणजे आपलं, भाजता येत नाही. की मी कोणासाठी हे करत होते? या पोरीसाठी. हिचं नाव व्हावं म्हणून. काकू हरल्या असत्या तर पुढच्या दसऱ्यापर्यंत हिला सगळ्या बिल्डिंगनं मान दिला असता. आणि कोणी तरी, खाल्ल्या घरात बसून, शत्रूला जाऊन मिळालं. ते कोण, एवढंच मला कळू दे.

लेक ओट्याशी स्टुलावर बसली होती. आप्पेपात्राच्या कडेला चिकटलेला गुलकंद बोटानं काढून खात होती. बोट चाटून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "तिला भूक लागली होती, आणि ओळखल्याशिवाय तू डबा उघडत नाहीस."