सात परसाचं एस्टिमेट

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हे मी मान वर करूनच सांगतो. आज विहिरींची, नाल्यांवरच्या बंधाऱ्यांची एस्टिमेटं काढणं हीच माझी नोकरी आहे. काम सुरू होण्याआधी माती किती निघेल, दगड किती लागेल हे हिशोबानं मांडायचं, त्याला एस्टिमेट म्हणतात. थोडं इकडंतिकडं होणार हे त्यात धरलेलंच असतं.

हा शब्द मी घरी आणला तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. काकांना तो फार आवडला. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात भाजी घेतानाही म्हणायचे, "एस्टिमेटनं दे रे बाबा, तोलून नको."

त्या उन्हाळ्यात आमच्या नव्या विहिरीत मोटारीच्या पाइपात कचरा अडकला. पायऱ्या बांधायच्या राहिल्या होत्या. पाणी सात परसावर, असं सगळे म्हणायचे. कडुनिंबाला दोर बांधून काका उतरायला निघाले. वडील म्हणाले, "थांब जरा. दोर कमी पडंल. शेजारून दुसरा आणतो, जोडू."

"दादा, घरात इंजिनिअर हाये आन् तू दोर मागत फिरून राह्यला?" काका हसले. "साहेब, काढा एस्टिमेट."

परस म्हणजे पुरुष, म्हणजे माणसाची उंची, असं मी धरलं. साडेपाच गुणिले सात. दोर टेपनं मोजला, त्यात लोंबकळणाऱ्या माणसाची लांबी मिळवली. "बराबर पुरतो," मी म्हणालो.

काका उतरले. वर ऊन रणरणत होतं, खाली काळोख. दोराच्या टोकाला लटकून त्यांनी आवाज दिला, "पाय न्हाई लागून राह्यले पाण्याला. किती राह्यलं?"

वाकून पाहिलं तर मला काही दिसलं नाही. तरी मी सांगितलं, "एस्टिमेटनं दोन फूट. सोडा."

त्यांनी सोडला.

मग आवाज यायला वेळ लागला. दोन फुटांना एवढा वेळ लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं. पाणी गुडघाभर, खाली खडक. खाटेला दोर बांधून गावानं त्यांना वर काढलं. उजवा पाय मांडीत मोडला होता, तो पुन्हा सरळ झाला नाही.

दवाखान्यातून परतल्यावर वडिलांनी मला भिंतीपाशी नेलं. स्वतः उभे राहिले, दोन्ही हात वर ताणले आणि बोटांची टोकं भिंतीला लावली. "हा परस. हात वर केलेला माणूस. खोली अशी मोजतेत आपल्याकडं." मी दोन फूट सांगितलेलं अंतर जवळजवळ दोन परस होतं.

"काकांना सांगतो," मी म्हणालो.

"न्हाई सांगायचं. त्याचा पाय गेला. तुह्यावरचा इस्वास हाये, त्यो बी घ्यायचा का आता?"

मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. सरकारी कागदावर खोलीच्या रकान्यात आकडा लिहिताना पेन थांबतं. टेपनं मोजलेलं असतं, तरी पुन्हा मोजायला लावतो. मजूर कंटाळतात. विहिरीत वाकून पाहणं मला जमत नाही, आवाज येईल असं वाटतं.

काका मात्र आल्या-गेल्याला सांगतात, "आमच्या साहेबाचं एस्टिमेट पक्कं होतं. माहाच हात लवकर सुटला."

वडील गेले. आता अडवणारं कुणी नाही, म्हणून परवा ठरवून गेलो. काका ओट्यावर बसले होते, काठी बाजूला. चहा झाला. मी म्हणालो, "काका, एस्टिमेट चुकतं कधी कधी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पायावरून हात फिरवत म्हणाले, "चुकत असंल लोकायचं. तुहं न्हाई."

त्यांना ठाऊक आहे की नाही, ते मला त्या चेहऱ्यावरून काढता आलं नाही. कप उचलून मी आत ठेवून आलो.