शेवटची ओळ वाचा

इमारतीत तिला सगळे तिजोरी म्हणत. पाठीमागे, अर्थात. राज्य पोलिसांच्या मुख्यालयात नोकरी. कोणाला अटक झाली, कोणाच्या खटल्याचं काय झालं, हे लोकांसाठी वेबसाइटवर टाकणं हे बाईंचं काम. आणि जिन्यात कोणी हळूच काही विचारलं की उत्तर ठरलेलं, “साइटवर आहे, बघा.” एवढी चविष्ट नोकरी, आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला चिमूटभर मीठही नाही.

एकदा मात्र अटकेच्या यादीत तिच्याच धाकट्या भावाचं नाव आलं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप. भावाचं ड्रायव्हिंग स्कूल, म्हणजे पोहायला शिकवणाराच बुडाला म्हणायचं.

संध्याकाळी भाऊ जामिनावर सुटून दारात हजर.

“ताई, खोकल्याचं औषध घेतलं होतं गं. नाव नको टाकूस. माझ्याकडे शिकायला कोण येईल?”

“खरं असेल. कोर्टात सांग.”

“तू बहीण आहेस की पोलीस?”

“बहीण आहे म्हणून तर चहा ठेवलाय.”

तो न पिताच गेला. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना नातं सांगितलं आणि ती नोंद शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे सोपवली. नाव झळकलं, शिकाऊ गळाले, भावाने बोलणं टाकलं. भावजय तर ही समोरून येताना दिसली की रस्ताच बदलायची.

या कामातली गंमत अशी की अटकेची खबर ठाण्यातून धावत येते आणि सुटकेची कोर्टातून रांगत. बाकीचे वाट बघत बसत. ही मात्र दर आठवड्याला स्वतः कोर्टात जाऊन निकाल घेऊन येई, मग तो कोणाचाही असो. आणि अटक जेवढ्या ठळक अक्षरांत, सुटकाही त्याच पानावर खाली, तेवढ्याच. कचेरीत थट्टा चाले, “बाई, आज कोणाला सोडवून आणलंत?”

भावाच्या रक्तात दारू सापडली नाही. तो निर्दोष सुटला आणि तो निकालही तिनेच कोर्टातून आणून शेजारच्या टेबलावर ठेवला. भावाचा फोन आला, “आता तरी ते पान काढून टाक.”

“पान काढता येईल, लोकांच्या डोक्यातली अटक कशी काढशील? राहू दे. खालची ओळ कामाला येईल.”

त्याने रागाने फोन ठेवला. पण पुढे कोणी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात घुटमळलं की तो स्वतःच मोबाइलवर ते पान पुढे करू लागला, “वाचा. पार शेवटच्या ओळीपर्यंत.” हळूहळू गाडीत शिकाऊ बसू लागले.

मग एका संध्याकाळी तिजोरीची बेल वाजली.

“ताई, त्या दिवशीचा चहा राहिलाय.”

“गार झालाय,” ती म्हणाली आणि आधण ठेवायला आत गेली.