माठाजवळची परीक्षानळी

एप्रिलच्या दुपारी नळातून टाकीचं तापलेलं पाणी हातावर पडलं, की आजही माझं डोकं फिरतं. चौसाळ्याच्या अलीकडे आमचं कॉलेज, वर पत्रे, आणि बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा. दिलेल्या क्षारात कोणता धातू आहे, ते ओळखायचं होतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन सकाळपासून उन्हात पडलेला. त्याच गरम पाण्यात क्षार विरघळवून मी हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, पण पांढरा साका काही बसेना. तीनदा केलं, चरफडले आणि शेवटी ‘पहिला गट नाही’, म्हणजे या आम्लात साका देणारा धातू नाही, असं लिहून पेपर दिला. मग प्रयोगशाळेतल्या मामांनी माझी परीक्षानळी उचलून माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळली. थोड्या वेळात तळाशी पांढऱ्याशुभ्र सुया चमकायला लागल्या. “शिसं हाय बाई. गरम पाण्यात ते दिसत न्हाई.” “मग आधी का नाही सांगितलं?” मी ओरडलेच. “परीक्षेत आमाला बोलायची परवानगी न्हाई.” नळी घेऊन परीक्षक सरांकडे धावले, तर त्यांनी वर न बघताच पुढचा नंबर पुकारला. आता त्याच प्रयोगशाळेत मी शिकवते. परीक्षेच्या दिवशी नळ्या गार करायला टेबलाशी माठ भरून ठेवते. कुणाला तहान लागली, तर कूलर बाहेर आहे.