लिंबाच्या बरणीतला समुद्राचा दगड

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा लिंबाचं लोणचं घातलं. तिची शेवटची बरणी संपली होती अन् दुकानातलं मले गिळवत नव्हतं. तिच्या हातच्यासारखं एक बरणी तरी झालं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

लिंबं मिठात घालून वर जड गोटा ठेवाची तिची पद्धत. पण तेरवीच्या साफसफाईत तो गोटा कोणी कुठं फेकला, देव जाणे. हुडको कॉलनीतलं सारं घर धुंडाळलं. शेवटी टीव्हीजवळ नातीचा दगड दिसला.

नात रायपूरले दगडांचंच शिकते. तो काळसर दगड तिनं हिमालयातून आणला होता अन् "आबाजी, पुढच्या हप्त्यात नेईन, सांभाळा" म्हणून ठेवून गेली होती. त्याची कहाणीबी सांगतली होती. लई जुन्या काळी हिमालयाच्या जागी समुद्र होता, अन् तवा समुद्रातलं जवळपास सगळं मरून गेलं. तळावरचा चिकट थर चरून खाणाऱ्या गोगलगायीबी गेल्या. मग त्या बुळबुळीत थराले रोकणारं कोणी उरलं नाही. तो पसरला, त्यावर चुना बसला, थरावर थर, अन् त्याची अशी चुनखडी झाली. एरवी समुद्रात असा दगड क्वचितच होते म्हणे.

"म्हणजे सारे मेल्यावर शेवाळ्यानं घर मांडलं," मी म्हटलं. "मग मी बी शेवाळंच."

"शेवाळं इतकं बोलत नाही, आबाजी."

तर तो दगड धुतला अन् लिंबांवर ठेवला. माझी सारी नोकरी पोलादाच्या प्लांटच्या भट्टीले चुनखडी पाठवण्यात गेली. पण चुनखडी म्हटलं की माझ्या डोक्यात भट्टी येते, लोणचं नाही येत. दुसऱ्या दिवशी बरणीत बारीक बुडबुडे दिसले. मी खूश. म्हटलं, मस्त मुरून राहिलं.

नात आली. "दगड कुठं हाये?"

मी बरणी दाखवली. तिनं झाकण काढून आत पाह्यलं. "लिंबात? चुनखडी? आबाजी, आप प्लांटवाले हो ना?"

तिनं दगड काढून पुसला, खिडकीत नेला अन् उजेडात फिरवून पाह्यला. आंबटानं वरचा भाग खाल्ला होता. आतले थर कोबीच्या पानांसारखे उठून आले होते. "लॅबमध्ये आम्ही ॲसिड लावून हेच करतो," म्हणे. रागवाचं विसरून फोटो काढत बसली.

मले फोटोचं काय करायचं होतं? "लोणचं कसं झालं ते सांग."

तिनं फोड चाखली. "खडू लागतो."

मी बी चाखली. आंबटपणा सारा दगडानं पिऊन टाकला होता. बरणी मोरीत ओतली. वाईट वाटलं, लपवत नाही.

"चला, दुसरी लिंबं आणू," नात म्हणे. "आजी बी कधीतरी शिकलीच असंल ना."

"तुही आजी पोटातून शिकून आली होती."

तरी गेलो. या बारीनं लिंबांवर पाणी भरलेली काचेची बाटली ठेवली. मुरल्यावर उघडलं. तिच्यासारखं नाही झालं; मीठ जास्त, तिखट कमी. नातीनं अर्धं होस्टेलले नेलं. उरलेलं मी रोज भातासोबत खातो अन् मनात बायकोले सांगतो, तुह्याइतकं नाही जमलं, बाई. खारट हाये. पण संपत आलं.