शुक्रवारच्या पाहुण्या

आमच्या घरमालकांना गप्प बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या मल्लेश्वरममध्ये सापडला नसता. मूळचे निपाणीकडचे, तरुणपणीच नोकरीसाठी बेंगळुरूला आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी जवळच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर सकाळी सात ते आठ मराठी गप्पांचा कार्यक्रम सुरू केला होता. मी पुण्याहून येऊन त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला लागले, आणि सामान लावून व्हायच्या आतच त्यांनी मला श्रोत्यांचे फोन घ्यायच्या कामाला लावलं. "ऑफिस दहाला ना? मग सातला काय करतेस?" दुसऱ्या दिवशी सातला मी केंद्रावर होते.

आठवड्याचे पाहुणे ते रविवारी ठरवत, पण शोध बारा महिने चाले. रिक्षात बसले की चालकाला गाव विचारत आणि उतरायचं ठिकाण मागे पडे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, पान्हा त्याच्या हातात असतानाच, लहानपणीच्या आठवणी विचारत. नळ गळत राही. आवाजावरून ते माणसाचा वार ठरवत. कामाचं बोलणारा सोमवारी, रडवणारा गुरुवारी, हसवणारा शनिवारी. मला त्यांनी कुठलाच वार दिला नाही. "तुझं अजून स्वल्प पिकायचंय," म्हणाले. पाहुण्याला केंद्रावर नेण्याआधी घरी बसवून गरम उप्पिट खायला घालत, कारण उपाशी माणूस खरं बोलत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. ते उप्पिट करणाऱ्या अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, इतक्या वर्षांत एकदाही केंद्रावर आल्या नव्हत्या. "घरात दिवसभर तोच आवाज असतो," एवढंच त्या म्हणत.

गेल्या थंडीत तो आवाज बसला. अण्णा बेंगळुरूच्या हवेला दोष देत राहिले. शेवटी अक्कांनी हट्टाने तपासणी करवली, तेव्हा स्वरयंत्रात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आणि त्याबरोबर बोलणंही जाणार होतं. शस्त्रक्रियेला पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. मधला आठवडा अण्णांनी नेहमीसारखाच आखला. "श्रोत्यांना सांगायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "सगळे माझीच चौकशी करत बसतील. पाहुण्यांना कोण विचारणार?"

सोमवारी गुडघेदुखीवर एक डॉक्टरीणबाई बोलल्या. मंगळवारी यशवंतपूरच्या बाजारातले एक कांद्याचे व्यापारी आले, आणि त्यांच्या बोलण्याच्या मध्येच अण्णांना असा खोकला लागला की मला गाणं लावावं लागलं. बुधवारी के. आर. पुरमच्या एका आजींचा फोन आला. त्या रोज फोन करत. "अण्णा, घसा फारच बसलाय. हळदीचं दूध घेता का?" अण्णा म्हणाले, "घेतो, आजी." आणि घाईने त्या दिवशीच्या पाहुण्याकडे वळले. गुरुवारी शब्दच फुटेना. त्यांनी कागदावर लिहिलेले प्रश्न मी वाचले. घरी परतल्यावर ते अक्कांना कुजबुजत म्हणाले, "उद्या तू ये."

"मी काय बोलणार?"

"मी विचारीन तेवढंच."

शुक्रवारी अक्का इस्त्रीची साडी नेसून माइकसमोर बसल्या. अण्णांचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण होता. त्यांनी विचारलं, "लग्नानंतर बेंगळुरूत उतरलात, तो पहिला दिवस कसा होता?" बायकोला त्यांनी अहो-जाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

अक्का म्हणाल्या, "मी सांगलीची. कन्नड एक अक्षर येत नव्हतं. हे रिक्षा बघायला गेले आणि तासभर आलेच नाहीत. दोन ट्रंका घेऊन मी स्टेशनबाहेर उभी. वाटलं, हे मला विसरले."

"मी रिक्षावाल्याशी बोलत होतो," अण्णा म्हणाले.

"ते मला नंतर कळलं. पण मी किती घाबरले होते, हे तुम्ही आज विचारताय."

अण्णांनी प्रश्नांचा कागद उलटा ठेवला. रेडिओवर इतकी शांतता चालत नाही. मी गाण्याकडे हात नेला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग अक्काच श्रोत्यांना म्हणाल्या, "सोमवारी यांचं ऑपरेशन आहे. आवाज राहणार नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते, पण मग तुम्ही वाट बघत बसाल." शनिवारी पाहुणा नव्हता. तासभर नुसते श्रोत्यांचे फोन आले, आणि अण्णा कानाला हेडफोन लावून ऐकत बसले.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ गेली, अण्णा घरी आले. कार्यक्रम आता मी करते. पाहुणे अजून तेच ठरवतात, माझ्या चुकाही पाटीवर लिहून दाखवतात. सकाळी केंद्रावर निघताना मी जिन्यात थोडी थांबते. खालच्या स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज येत असतो. एवढं बोलताना मी त्यांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्या काही सांगतात, मग थांबतात. पाटीवर खडू घासल्याचा आवाज येतो. "हो, ती माझीच मैत्रीण," अक्का म्हणतात, आणि पुढचं सांगू लागतात.