टेकडीवरचा एकुलता एक आपटा

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक दसऱ्याला एकमेकांना कचनारची, म्हणजे कांचनाची, पानं देतो आणि आपटा दिला म्हणून खूश होतो. दोन्ही पानं जोडाची, त्यामुळे खपून जातं. शिंदे की छावनीपासून कंपूपर्यंत एकाही मोहल्ल्यात फरक कुणाला कळत नाही. मराठी संस्कृतीवर भाषण मात्र प्रत्येक जण ठोकतो, तेही निम्मं हिंदीत.

फरक कळायचा माझ्या काकांना. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. रोज सकाळी शहराबाहेरच्या राखीव टेकडीवर जायचे. तिथल्या दगडावर कधीकाळच्या समुद्राच्या लाटांच्या वळ्या आहेत. करधईची झाडं उन्हाळाभर मेल्यासारखी उभी असतात आणि हवेत नुसता ओलावा आला तरी हिरवी होतात. लोक तिथे जाऊन वेफर्सची पाकिटं फेकतात, ते वेगळं. त्याच खडकाच्या फटीत काकांना आपटा सापडला. अख्ख्या टेकडीवर एकच. यंदा त्याला पहिल्यांदा शेंगा धरल्या होत्या. थंडीत त्या वाळल्या की बी काढून रोपं करायची, हा एकच ध्यास.

आणि मी काय केलं? इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी कचनारचा फोटो टाकून खाली "अस्सल आपटा" लिहिलं. माझं डोकंच फिरलं. मोठ्या तोऱ्यात लिहिलं, अस्सल बघायचाय तर टेकडीवर जा, माथ्यावरच्या मोठ्या शिळेमागे. अक्कल पाजळल्याशिवाय मेलं राहवतच नाही मला!

दसऱ्याच्या सकाळी अर्धं मंडळ टेकडीवर. जरीच्या साड्या, गॉगल, हातात पिशव्या. "अरे यार, असली वाला मिल गया!" असं म्हणत झाड फांद्यांसकट ओरबाडलं, आणि फोटो ग्रुपवर टाकले.

संध्याकाळी सगळे नटूनथटून काकांकडे. वडीलधारे, म्हणून पहिला मान त्यांचा. "काका, यंदा अस्सल सोनं हं!" पाया पडून मूठमूठ पानं त्यांच्या हातात कोंबली. काका प्रत्येकाला आशीर्वाद देत होते आणि पानांतल्या हिरव्या कोवळ्या शेंगा निवडून बाजूला ठेवत होते. मी आत चहा गाळत बसले. बाहेर यायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर काका त्या शेंगा कुंडीत पेरत होते.

"काका, कच्चं बी रुजतं का हो?"

"नाही रुजत," ते म्हणाले आणि पाणी घातलं.

मला रडूच फुटलं. "ग्रुपवर मीच लिहिलं होतं, काका."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "काल सगळे तुझं कौतुक करत होते."